कुडव्याची चेहरेपट्टी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

मुलीने लंडनहून भावाला फोनवरच ओवाळले. दिवा तिकडे, कपाळ इकडे. ओवाळणीही फोनवरूनच गेली. मग म्हणाली, आता बाबांना द्या.

‘बाबा, परवा तुमच्या बिरादरीत जाऊन आले.’

बिरादरी म्हणजे नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी. ट्रफाल्गर चौकाच्या मागच्या अंगाला आहे. शुक्रवारी संध्याकाळी तिथे कुणीही यावे, बसावे आणि भिंतीवरचा चेहरा कागदावर उतरवावा. शिकवायला एक चित्रकार असतो. हिने शाळेत माझ्याच वर्गात बसून चित्रकलेत जेमतेम पास होण्याचा पराक्रम केला आहे, आणि तिथे तासभर पेन्सिल चालवून आली. कुणाचा चेहरा काढला ते काही सांगितले नाही. दाराचे मात्र भरभरून सांगितले. तीन वर्षे बंद राहून गॅलरी २०२३ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा ट्रेसी एमिन या चित्रकर्तीने तिला ब्राँझची नवी दारे करून दिली. त्यांवर पंचेचाळीस बायकांचे चेहरे. राणी नाही, लेखिका नाही, एकीच्याही खाली नाव नाही. आत भिंतीभर नामवंत, आणि आत शिरायचे ते या बिननावाच्या बायकांच्या मधून.

चौतीस वर्षे मी चित्रकला शिकवली. माठ, पितळी तांब्या, त्याला टेकवलेला केळीचा फणा, मागे घडी पडलेला पडदा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला सात गुण जादा, त्यामुळे अलीकडे गर्दीही बरी. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या सगळ्यांतून पोरगा जातो, पण समोर माणूस बसवून त्याचे तोंड काढायची वेळ त्याच्यावर कधी येत नाही. माझ्या वर्गातून माठ काढणारी काही हजार पोरे बाहेर पडली असतील.

रात्री आमच्या गोंदियाजवळच्या कुडव्यात मंडईच्या जत्रेतून दंडारीच्या नाचाची ढोलकी ऐकू येत होती. झोप लागली नाही. फोनवर त्या दाराचे फोटो मोठे करून करून पाहिले.


७ नोव्हेंबर

कामासाठी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. निवडणुकीची आचारसंहिता चालू. भिंतीवर दोन चौकोनी पांढुरके डाग. हयात पुढाऱ्यांचे फोटो उतरवलेले. गांधी, आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शिवाजी महाराज जागच्या जागी. राष्ट्रपतींचा फोटोही तसाच. नियमच तसा आहे: मंत्र्यासंत्र्यांची छबी निघते, इतिहासात गेलेले, कवी, राष्ट्रपती आणि राज्यपाल राहतात.

आपल्याकडे राष्ट्रीय चेहऱ्यांची गॅलरी नाही असे कोण म्हणतो? एकच इमारत नाही, एवढेच. सामान्य प्रशासन विभाग दर वर्षी परिपत्रक काढतो, पुढच्या वर्षी कोणाकोणाची जयंती कोणत्या तारखेला साजरी करायची त्याची यादी. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत ती पोचते. मी शाळेत असताना या खात्याचा अघोषित प्रमुख मीच. कपाटामागे तसबिरी एकीला एक टेकवून उभ्या. वर चिठ्ठ्या, ३ जानेवारी, १९ फेब्रुवारी, ११ एप्रिल, १४ एप्रिल. त्या दिवशी सकाळी ज्यांची पाळी त्यांना बाहेर काढायचे, काच ओल्या फडक्याने पुसायची, टेबलावर चादर, हार, उदबत्ती, नारळ. दुपारी पुन्हा कपाटामागे. संग्रहालयवाले ज्याला चित्रांची फिरती मांडणी म्हणतात, ती मी बिनपगारी वर्षानुवर्षे केली.

यातल्या बऱ्याच तसबिरी माझ्याच हातच्या. कॅलेंडरवर चौकोन पाडायचे, ड्रॉइंग शीटवर मोठे चौकोन पाडायचे आणि एकेक खाना भरत जायचा. खान्यात नाक येते, खान्यात मिशी येते. माणूस येतो की नाही हे त्या वेळी मी स्वतःला विचारले नव्हते. एकदा टिळकांच्या पगडीचा कोन चुकला. दहा वर्षे तसेच टिळक दर १ ऑगस्टला हार घेत होते. कुणाच्या लक्षात आले नाही.

परतताना नाक्यावरचे बॅनर गेल्याने रस्ता एकदम उघडा वाटला. एरवी एका वाढदिवसाला मधोमध एक मोठा चेहरा आणि खाली पासपोर्टच्या मापाचे तीस. तेवढेच पुरे म्हणून लोक जगतात बहुतेक.


१० नोव्हेंबर

मुलीने त्या लंडनच्या गॅलरीबद्दल वाचायला बरेच काही पाठवले आहे. चष्मा दोनदा पुसून वाचले.

१८५६ साली लॉर्ड स्टॅनहोप नावाच्या गृहस्थाने ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात अशा गॅलरीची मागणी केली आणि दोन हजार पौंड मंजूर झाले. ठरले असे की चित्र घेताना ते किती चांगले काढले आहे हे पाहायचे नाही. चित्रातला माणूस देशाच्या इतिहासात कोण होता, हे पाहायचे. गचाळ चित्र असले तरी चालेल, माणूस मोलाचा हवा. चित्रकलेच्या मास्तराला हे पचायला जड. पण दोनदा वाचल्यावर पटले. आपली चौकोनी तसबीरही याच कायद्याने भिंतीवर आहे.

त्यांच्या संग्रहातले पहिले चित्र शेक्सपिअरचे. ते खरेच शेक्सपिअरचे आहे का, यावर वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे महाराजांच्या बाबतीत हेच झाले होते. दुसऱ्याच एका सरदाराची छबी महाराजांची म्हणून छापली जात होती, पूजलीही जात असेल. १९३३ साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र लोकांपुढे आणले तेव्हा ती हटली. पुढाऱ्याचा फोटो चुकला तर गदारोळ होईल. आणि इथे खुद्द महाराजांच्या जागी परका माणूस बसून गेला.

दुसरा नियम वाचून हसूच आले. जिवंत माणसाचे चित्र घ्यायचे नाही. मेल्यावरही दहा वर्षे थांबायचे. अपवाद फक्त गादीवरचा राजा किंवा राणी आणि त्यांचे जोडीदार. हा नियम त्यांनी १९६९ मध्ये मोडला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या गॅलरीनेही असाच दहा वर्षांचा नियम धरला होता, तो २००१ मध्ये सोडला. आता तिथे मावळत्या राष्ट्राध्यक्षांची चित्रे मुद्दाम काढून घेतात.

जॉर्ज शार्फ नावाचा त्यांचा पहिला सचिव मला फार आवडला. गावोगावच्या वाड्यांत जाऊन जुनी चित्रे तपासायचा आणि प्रत्येकाची आपल्या वहीत छोटी नक्कल काढून ठेवायचा, बारीक अक्षरात रंग, कपडे, मापे लिहून. वह्यांवर वह्या भरल्या. सरकारी नोकर असा असतो तर.

करोनाच्या साली या गॅलरीने देशभरच्या लोकांना सांगितले, टाळेबंदीतल्या माणसांचे फोटो पाठवा. एकतीस हजारांहून जास्त आले. त्यातले शंभर निवडले आणि ते बसथांब्यांवर, जाहिरातींच्या फलकांवर लावले. परिचारिका, आजोबा, काचेआडून भेटणारी नातवंडे. आत यायची बंदी तर गॅलरीच रस्त्यावर.

ठरवले. धान निघेपर्यंत पोरांना रिकामपण नाही, मोठ्यांना तर नाहीच. पण रविवारी दोन तास निघतील. गल्लीतल्या पोरांना सांगायचे: घरातले किंवा शेजारचे एक म्हातारे माणूस समोर बसवा, चाळीस मिनिटे. फोटोवरून काढलेले चालणार नाही.


१५ नोव्हेंबर

बिरसा मुंडांची जयंती, दीडशेवे वर्ष आजपासून. गावात मिरवणूक होती, पिवळे झेंडे, डीजेवर गोंडी गाणी. त्या गर्दीतच माझी पहिली चार पोरे भेटली. दुपारपर्यंत अकरा झाली.

अडचण पोरांची नाही, बसणाऱ्यांची. पहिल्याच बुढीने झटकले.

‘कायले जी गुरुजी? मी का मेली?’

फोटो भिंतीवर चढला की त्याला चंदनाचा हार आला, आणि हार आला की माणूस गेला, हा आमचा हिशेब. हयात माणसाची चौकट टांगायची नसते. लंडनच्या विश्वस्तांनी १९६९ पर्यंत जे पाळले तेच कुडव्याची बुढी २०२४ मध्ये पाळते, मग तिला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणू?

दुसरे एक बुवा म्हणाले, ‘आधार कार्डावर काहाडला नं एकदा. तोच घ्या.’ त्यांच्या आधारवरचा चेहरा पाहिला. डोळे ताणलेले, हनुवटी वर, पोलिसाने हटकल्यासारखे. सत्तर वर्षांच्या माणसाचा एकुलता एक फोटो, आणि तो काढणाऱ्याने त्याला ‘हलू नका’ याखेरीज एक शब्द विचारला नाही.

संध्याकाळी मार्ग निघाला. मार्ग माझा नाही, आठवीतल्या एका पोरीचा. ‘सर, भिंतीवर नको लावू. दोरीवर लावू, कपड्यासारखे. खिळा नाही, हार नाही.’ हे घरोघर सांगत ती स्वतः फिरली. चार बुढ्या कबूल झाल्या. एकीने अट घातली, काम करता करता बसेन.


२० नोव्हेंबर

मतदान. रांगेत पाऊण तास. माझ्या पुढच्या माणसाचा कान एवढा वेळ पाहिला की आता आठवणीतून काढू शकेन. आयोगाला कल्पना नाही, पण स्मरणचित्रासाठी एवढे शांत बसणारे मॉडेल दुसरीकडे मिळायचे नाही.


२४ नोव्हेंबर

आज खरी बैठक झाली. तीन सपऱ्यांत, म्हणजे ओसऱ्यांत, आणि एका खळ्यावर.

सुरुवातीला सगळ्यांनी एकच चूक केली: डोळे कपाळात. पोरे चेहरा काढतात तेव्हा केसांना जागा ठेवत नाहीत. पेन्सिल हातभर लांब धरून मोजायला लावले. टाळूपासून हनुवटीपर्यंत जेवढे अंतर, त्याच्या बरोबर मध्यावर डोळे. दोन डोळ्यांच्या मध्ये एका डोळ्याएवढी जागा. कानाचा वरचा काठ भुवईच्या रेषेत, खालचा नाकाच्या शेंड्याच्या. एवढे कळले की म्हातारे माणूस पोरासारखे दिसायचे थांबते. मग दुसरी चूक: सुरकुत्या. बांधीत नांगर फिरवल्यागत रेघा. सुरकुती म्हणजे रेघ नसते बाबांनो, तिथे कातडी वळते म्हणून सावली पडते. रेघ ओढू नका, सावली भरा.

बिडी वळणाऱ्या आजी बसल्या तेव्हा हातात काही नव्हते, तरी बोटे चालूच. गोंदियाच्या बिडीने इथल्या किती घरांत चूल पेटवली त्याला गणती नाही. तेंदूपान कापायचे, तंबाखू भरायची, वळायची, टोक दाबायचे. पन्नास वर्षे दिवसाला काही शे. आता कारखानदाराचे काम येत नाही, पण बोटांना ते कुणी कळवलेले नाही. सातवीतला पोरगा रडकुंडीला आला, ‘सर, ह्या हलते.’ म्हटले, तोंड राहू दे, हात काढ. हात जमले. व्यक्तिचित्रात तोंड असलेच पाहिजे असे कुठे लिहिलेय? लिहिले असेल, पण इथे चालते.

रेल्वेतले एक निवृत्त गँगमन. नॅरोगेज होती तेव्हा बालाघाटकडच्या रुळावर हातोडा घेऊन चालायचे. बसायला सांगितले तर म्हणाले, उभा राहतो. चाळीस मिनिटे हलले नाहीत. काढणाऱ्या पोरीचे पाय दुखले, यांचे नाही. तिला मी सावळाराम हळदणकरांची गोष्ट सांगितली. सावंतवाडीचा चित्रकार. दिवाळीत हातात दिवा घेतलेली मुलगी पाहून चित्र सुचले. गीता नावाची ही मुलगी दिवा धरून तासन् तास उभी राहिली तेव्हा ते जलरंग चित्र झाले. दिव्याची आच तिच्या बोटांतून लाल दिसते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. गीताबाई २०१८ मध्ये कोल्हापुरात एकशेदोन वर्षांच्या होऊन वारल्या, तोवर त्या चित्रातल्या बाईचा पत्ता कित्येकांना नव्हता. चित्रकाराचे नाव चुकले, बसणारीचे नाव विसरले. दिवा तेवढा सगळ्यांच्या लक्षात.

खळ्यावरचे आजोबा सगळ्यांत मजेचे. तरुणपणी दंडारीत लुगडे नेसून नाचायचे. समोर बसले आणि विचारले, ‘कोनता काहाडतेस बेटा? बाईचा का मानसाचा?’ पोरीला कळेना. मी म्हटले, दोन्ही काढ. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी बालगंधर्वांची दोन पूर्णाकृती तैलचित्रे केली आहेत, एक पुरुषवेशातले, एक स्त्रीवेशातले. आजोबांना हे सांगितले तर ते खूश. ‘म्हनजे आमची बी तशीच प्रथा’, म्हणाले, आणि डोक्यावर गमछ्याचा पदर घेतला. पदर घेताच मान अशी वळली की पोरगी पेन्सिल ठेवून पाहतच बसली. तणसाच्या ढिगाऱ्यावर ऊन होते. तेवढ्यात मळणी यंत्र सुरू झाले आणि भुशाने सगळे कागद भरले.


२६ नोव्हेंबर

संविधान स्वीकारल्याला आज पंचाहत्तर वर्षे. शाळेत उद्देशिका वाचली गेली, मलाही बोलावले होते. पोरांना संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची छापील प्रत दाखवली. नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी सजवलेली. पंधराव्या भागाच्या आरंभी शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग, सोळाव्याच्या आरंभी टिपू सुलतान आणि राणी लक्ष्मीबाई, पुढे गांधी, पुढे सुभाषबाबू. कायद्याच्या पुस्तकाला चेहऱ्यांची माळ. ही आपली सर्वांत नेटकी राष्ट्रीय गॅलरी, आणि ती उलगडून पाहणारे थोडे.

एका पोराने विचारले, सर, यात बाबासाहेब कुठे आहेत? म्हटले, अख्ख्या पुस्तकात.


२८ नोव्हेंबर

दुपारी जेवताना मी वासुदेव कामतांचे कौतुक सांगत होतो. मुंबईचा हा चित्रकार २००६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि ड्रेपर पुरस्कार, म्हणजे तिथला सर्वोच्च, घेऊन आला. चित्र कोणाचे? स्वतःच्या बायकोचे.

आमची ही ताटातले निवडत म्हणाली, ‘चौतीस वर्षं लोकांच्या पोरांना माठ काढायला लावला. मला एकदा तरी बसवलंत?’

बसवले. तिथल्या तिथे, भांडी तशीच टाकून. एका बाजूने खिडकीचा उजेड घेतला. कपाळ, नाक, डोळे आले. डोळे चांगलेच आले, माझे मलाच नवल वाटले. ओठ काही जमेनात. चारदा खोडले, कागदाची लव निघाली. माणूस बोलत नाही तेव्हा ओठ कसे असतात हे मी हिचे कधी नीट पाहिलेच नव्हते, कारण ही बोलत नाही अशी वेळ कमी. तासाभराने तिने येऊन पाहिले.

‘हा तर माझा मोठा भाऊ दिसतो.’

खरेच दिसत होता.


२९ नोव्हेंबर

कोहमाऱ्याहून गोंदियाकडे येणाऱ्या रस्त्यावर बस उलटली. दहाहून जास्त माणसे गेली. उद्याच्या पेपरात त्यांचे पासपोर्ट फोटो येतील, आधार कार्डावरचे. आज पोरांना बोलावले नाही.


२ डिसेंबर

लंडनच्या त्या गॅलरीचा स्थापनेचा दिवस, २ डिसेंबर १८५६. मुलीला शुभेच्छा पाठवल्या, ती म्हणाली, माझ्या काय बापाची आहे?

पण मराठी माणसाला समोर बसवून त्याची छबी उतरवण्याचा उद्योग त्या गॅलरीहून जुना आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ च्या सुमाराला पुण्यात आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने केली. पेशव्याचे आणि नानांचे ते प्रसिद्ध चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे; आपण पाठ्यपुस्तकात पाहतो ती त्याची नक्कल. पेशव्यांच्या पदरी त्याच्या देखरेखीखाली चित्रशाळाही निघाली. तिथल्या पोरांत एक गंगाराम तांबट. त्याने वेरूळची लेणी, गेंडा, पहिलवान, साधू अशी काय काय रेखाटने केली. ती इंग्रज रेसिडेंट मॅलेटबरोबर विलायतेला गेली आणि आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. १७९५ मध्ये वेल्स गेला, त्याच वर्षी सवाई माधवरावही. चित्रशाळेचे पुढे काही झाले नाही.

मला चुटपुट लागते ती अशी की बसणारे इथले, काढणारा गंगाराम इथला, आणि पाहायला जायचे तर पासपोर्ट काढा. दिल्लीला जुन्या संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात टिळकांचे तैलचित्र आहे, तेही देऊसकरांचे. १९५६ मध्ये नेहरूंनी अनावरण केले. देऊसकर म्हणजे नगरचा माणूस. टीव्हीवर ते सभागृह शेकडो वेळा दिसले आहे. चित्रकाराचे नाव सांगणारा मला गोंदियात अजून भेटायचा आहे.

म्हणून पोरांना आज सक्त ताकीद. प्रत्येक कागदाखाली तीन ओळी: कोण बसले, आयुष्यभर काय काम केले, कोणी काढले. मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख. शाई नको, पुढे फुटते.


४ डिसेंबर

सकाळी साडेसातच्या सुमारास भूकंप. तेलंगणात मुलुगूकडे केंद्र, ५.३ चा. मला काही जाणवले नाही. ही म्हणते, देवघरावरची सासऱ्यांची तसबीर कलली. ती पाच वर्षांपासून कललेली आहे.


८ डिसेंबर, रविवार

आज लावली. सपरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत नायलॉनची दोरी दोन पदरी, आणि कपडे वाळवायचे चिमटे. सोळा चित्रे पोरांची. सतरावे हिचे, ओठांशिवाय, सगळ्यांत कोपऱ्यात. लावू नका म्हणत होती, पण पोरांनी लावले.

उद्घाटन, दीपप्रज्वलन, पाहुणे काही नाही. नारळ एकाने आणला होता, तो चटणीला गेला. माणसे मात्र आली. धानाचे भारे उतरवून, पायाला तसाच चिखल. बायका पदरात नातवंडे घेऊन. लोक चित्रे पाहत नव्हते. चित्रातली माणसे शेजारी उभी होती, त्यांच्याशी ताडून पाहत होते. ‘नाक तुयाच बापाचा हाये.’ ‘कान मोठा केला.’ गँगमनकाकांच्या चित्राखाली पोरीने लिहिले होते, ‘काम: रूळ तपासणे, दररोज आठ किलोमीटर चालणे.’ काकांनी वाचले आणि म्हणाले, ‘नऊ.’ तिने तिथल्या तिथे खोडून नऊ केले.

बिडीवाल्या आजींच्या हातांपुढे सगळ्यांत जास्त वेळ लोक थांबले. चेहरा नसताना प्रत्येकाने ओळखले.

दंडारवाले आजोबा दोन्ही चित्रांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याला विचारत होते, यातली बरी कोनती? बहुतेकांनी बाई निवडली.

एक तरुण आला, म्हणाला, सर फ्लेक्सवर छापू, नाक्यावर लावू, खर्च माझा. खाली त्याचा फोटो येणार होता. नको म्हटले. तो रागावला नाही, पण गेला.

चित्रकलेच्या दृष्टीने सांगायचे तर सोळांपैकी तीन चांगली. पाच बरी. बाकीची स्टॅनहोपच्या कायद्याने पास.


९ डिसेंबर

चित्रे ज्याची त्याला परत दिली. पहिल्याच दिवशी ‘मी का मेली?’ म्हणून झटकणारी बुढी शेवटी बसली होती, ती स्वतः न्यायला आली. कागद उजेडात धरून पाहिला. नातीला म्हणाली, ‘पेटीत ठेव, लुगड्याखाली. वेळ आली का मंग टांगजो. आधारचा नको लावजो.’

पोरे विचारतात, आता पुढच्या रविवारी कोण? तोपर्यंत गावात कोणाकोणाचे अजून काढायचे राहिले त्याची यादी करायला सांगितली आहे. दाई, राईस मिलचे हमाल, शाळेचा जुना शिपाई. आतापर्यंत बत्तीस नावे झाली.

सोळा चित्रे घरोघर गेली. सतरावे माझ्याकडेच आहे. ओठ अजून व्हायचे आहेत.